काठाचे कागद

"एवढ्या फटीतून मांजर जाईल," ताई पुटपुटली.

कचेरीचा दुसरा मजला, खोली नंबर चौदा, आणि तिच्याबाहेरच्या दोघींच्या बाकावर आम्ही तिघी. मध्ये मी. त्यामुळे ताईचं पुटपुटणं माझ्या डाव्या कानातून शिरून उजवीकडे तिच्या सुनेपर्यंत जायचं.

"टाका जवळ घे म्हणावं तिला."

"ती इथेच बसलीये. तूच म्हण की."

"मी म्हटलं तर सासूपणा दिसतो. तू मावशी आहेस, तुझं खपतं."

"ऐकू आलं, आई," सून म्हणाली, आणि तिने निमूटपणे चार टाके उसवले. पुन्हा घातले, तेही लांबच पडले. टाका लांब पडतो तो हात घाईत असला की, किंवा मन ठिकाणावर नसलं की. सकाळी दहापासून आम्ही तिथे बसलो होतो, तेव्हा घाईचा प्रश्नच नव्हता.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याचा मिनिटकाटा जागच्या जागी थरथरत होता. त्या कचेरीचं वर्णन करायला तेवढं पुरे.

आमच्या गोधडीबद्दल आधी सांगते, कारण लोक बघतात आणि विचारतात. कागदाचा सहा कोनी तुकडा घ्यायचा, सुपारीएवढ्या बाजूंचा. त्यावर कापड ठेवून कडा मागे दुमडायच्या आणि कच्च्या धाग्याने कागदासकट टाचायच्या. असे तुकडे बाजूला बाजू लावून शिवत जायचं. मध्ये एक, भोवती सहा, की झालं एक फूल. फुलाला फूल जोडलं की गोधडी वाढते. यंत्र लागत नाही, टेबल लागत नाही. सुई, दोरा, बोटभर कात्री आणि टाचलेले तुकडे एका साबणाच्या डबीत मावतात. बसमध्ये, दवाखान्यात, रांगेत, कुठेही डबी उघडा आणि बसा. आणि नियम एकच. तुकड्याच्या सहाही बाजूंना शेजारी मिळाला की त्याचा कागद काढायचा. तोवर कागद आत राहतो, नाहीतर तुकडा आकार सोडतो. म्हणजे गोधडीचा मधला भाग मऊ होत जातो आणि काठ कायम कागदी राहतो. हात लावला की करकरतो.

हे मी एका मासिकातलं चित्र बघून शिकले. मी कपडे धुण्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते. चेन बदलणं, पायघोळ कपडे आखूड करणं, असली कामं. शाळा शिवणाची अशी कधी केली नाही. आणि ताईला हे शिकवलं तेही मीच, नऊ वर्षांपूर्वी, पोलीस चौकीच्या बाकावर. तिचे हात सारखे एकमेकांना ओरबाडत होते. म्हटलं, हाताला काही तरी दिलं पाहिजे. तिला शिवताना बघून आठ दिवसांनी सूनही शिवायला लागली. मग त्या दोघी दोन बाजूंनी.

नऊ वर्षांपूर्वी ताईचा मुलगा घरातून गेला. त्याला आम्ही सगळे घुम्या म्हणायचो, कारण तो बोलायचाच नाही. लहानपणी पडला तरी रडायचा नाही. कुठे लागलंय ते आपणच शोधायचं. रविवारी दुपारी जेवला, ताट धुऊन ठेवलं, "येतो" म्हणाला आणि स्कूटर घेऊन गेला. स्कूटर तिसऱ्या दिवशी स्टेशनच्या वाहनतळावर सापडली. हँडल लॉक केलेलं, वर सीटला ऊन लागू नये म्हणून पुठ्ठा ठेवलेला. त्यापुढे काहीच नाही. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती. तेव्हा तो तेहतिसाचा होता आणि सून सत्तावीसची. लग्नाला चार वर्षं झाली होती.

त्यानंतर आमच्या घरात एक शब्द कुणी उच्चारला नाही. "ते झालं तेव्हापासून" म्हणायचं. "त्याचं ते" म्हणायचं. वकील "प्रकरण" म्हणतात, माझा नवरा "ती भानगड" म्हणतो आणि जीभ चावतो. शेजारीपाजारी तर नुसता हात हवेत हलवतात. एका शब्दाला बगल द्यायला माणसं किती शब्द खर्च करतात!

गोधडी त्याच्याच शर्टांची सुरू झाली. एकोणीस शर्ट होते. ते चार वर्षांत संपले. मग ताईचे जुने कपडे, मग माझ्या दुकानात लोक टाकायला येतात आणि न्यायला विसरतात ते. आता गोधडी एवढी झालीये की पलंगावरून दोन्हीकडे जमिनीला लागते. दर वेळी मी म्हणते, "ताई, आता काठ बंद कर, कागद काढ, अस्तर लाव." ती म्हणते, "एक ओळ अजून." एक ओळ लावली की काठ पुढे सरकतो. म्हणून काठाचे कागद कधी निघत नाहीत. झोपेत पाय लागला की अख्खं घर जागं होईल इतका आवाज. तरी ती तीच पांघरते.

सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायद्याने त्याला काय समजायचं ते ठरलेलं आहे. अर्ज करायचा, तारीख मिळते, घरच्यांना विचारतात, मग कागद मिळतो. साधं काम. दोन वर्षांपूर्वी पहिली तारीख होती. साहेबांनी ताईला विचारलं, "या सात वर्षांत मुलाकडून काही संपर्क?" नाही म्हणायचं होतं फक्त. वकिलांनी आदल्या दिवशी तिच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं होतं.

ताई म्हणाली, "हो, फोन येतात."

वकिलांचं पेन खाली पडलं.

"काय बोलतो?" साहेब म्हणाले.

"बोलत नाही. तो बोलतच नाही कधी. दुपारी येतो फोन. मी उचलते, तो गप्प राहतो, मग ठेवतो."

"मग तो आहे हे कशावरून?"

तेव्हा ताई ताठ बसली. "साहेब, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एकतीस वर्षं. कानाला लावून. माझ्या कानाला शिकवू नका."

यावर साहेब तरी काय करणार? त्यांनी लिहून घेतलं. चौकशी लागली. आठ महिने चौकशी चालली आणि निघालं काय, तर पाणी गाळायची यंत्रं विकणारी कुठली तरी कंपनी. त्यांचं मशीन एका वेळी दहा नंबर फिरवतं, पहिला जो उचलेल त्याच्याशी माणूस बोलतो, बाकीच्या नऊ जणांना नुसती शांतता ऐकू येते. घुम्याच्या आईला आठवड्यातून दोनदा ती शांतता यायची. दुसऱ्या तारखेला तो अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. ताईने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "ठीक. पण सगळेच फोन त्यांचे कशावरून?"

पुढची तारीख सव्वा वर्षाने. म्हणजे आजची.

त्या दुसऱ्या तारखेच्या दिवशी बसमधून परत येताना सून खिडकीशी बसली होती. ती रडली नाही. तिने डबी उघडली आणि तीन फुलं पुरी केली. उतरताना मला म्हणाली, "मावशी, मी आईंवर रागावू पण शकत नाही हो. रागावले की वाटतं, मला त्यांनी आशा सोडलेली हवीये. असं कुणाला हवं असतं का?"

तिला ते हवं असण्याचं कारण मला ठाऊक होतं. ती चष्म्याच्या दुकानात आहे, आणि त्याच गल्लीत एक छापखाना आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, कॅलेंडरं असलं छापतात. छापखानावाला चाळिशीचा, टक्कल पडायला लागलेलं, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. तीन वर्षांपूर्वी चष्मा करायला आला, तिच्या हातात कात्री आणि कागद बघितला आणि म्हणाला, "हे हाताने कापता? तिरके होत असतील." दुसऱ्या दिवशी त्याने कटिंग मशीनवर कापलेले दोनशे षटकोन आणून दिले. माणसं फुलं देतात, अत्तर देतात. याने षटकोन दिले. तीन वर्षं तो नेमाने देतोय. आणि दोन वर्षांपूर्वी, पहिल्या तारखेच्या थोडं आधी, त्याने तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, आधी कागद होऊ दे. मी चोरासारखी त्या घरातून निघणार नाही.

तो थांबला. पण आता त्याचा छापखाना दुसऱ्या गावी हलतोय. जागेचा मालक जागा विकतोय, छापखानावाल्याच्या भावाचं दुकान आहे तिकडे. या महिन्याच्या अखेरीला जायचं. आज काम झालं तर ती त्याच्याबरोबर राजरोस जाईल. नाही झालं तर पुढची तारीख पुढच्या वर्षी, आणि माणूस तरी किती थांबणार? छत्तिसाव्या वर्षी बाई आशा सोडून द्यायला एकदा शिकली की शिकलीच.

हे ताईला माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत नाही असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. पण मी काल ताईकडे बोलले होते, आडून. म्हटलं, "उद्या जे विचारतील त्याला 'नाही' म्हण गं. पोरीचा विचार कर."

ताई तुकडा टाचत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरीचाच करते. ती गेली की मी या घरात कुणाला टाका जवळ घे म्हणू?"

जन्मभर सगळ्यांना उत्तरं देत आले, पण त्या वेळी मी चहा टाकते म्हणून उठले.

तर, बाक. साडेअकरा झाले असावेत. शिपाई दोनदा बाहेर आला, दोनदा दुसऱ्यांची नावं पुकारली. समोरच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ मघापासून आमच्याकडे बघत होते. शेवटी राहवेना त्यांना.

"कोणासाठी चाललंय हे?"

"काळासाठी," मी म्हटलं. "तो जात नाही म्हणून."

ते हसले. सून हसली नाही. ताईच्या डबीतले कागद संपले होते. तिने नुसता हात पुढे केला, माझ्या पोटावरून, सुनेकडे. सुनेने पिशवीतून नवा गठ्ठा काढून दिला. गठ्ठ्याला कागदाची पट्टी, पट्टीला नीट डिंक.

ताईने पट्टी सोडली. एक षटकोन घेतला आणि अंगठ्याच्या नखाने त्याच्या कडा मोजल्या, एकामागून एक, सहाही. मग चष्मा कपाळावर सरकवून तो उजेडाला धरला.

"हे कुठून आणतेस गं?" तिने विचारलं.

तीन वर्षांत हा प्रश्न कितीदा झाला असेल. उत्तरही ठरलेलं.

"दुकानातून, आई."

"चष्म्याच्या?"

"हो."

"चष्म्याच्या दुकानात पत्रिका छापतात वाटतं," ताई म्हणाली.

मी समोरच्या घड्याळाकडे बघायला लागले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यांनाही कळलं असावं की आता इथे ऐकू येता कामा नये.

"आधीच्या सगळ्यांच्या मागे अर्धी अक्षरं असायची," ताई सावकाश म्हणाली. "एकावर 'वाजता'. एकावर 'आपले नम्र'. एका गठ्ठ्यात तर कुणाच्या तरी आजोबांचं अर्धं नाव, चाळीस वेळा. वाया गेलेला कागद असणार. मी कागद काढताना वाचते ना. मला दुसरं वाचायला काय आहे?"

सुनेची सुई कापडात अर्धी घुसून राहिली होती.

"आणि हे दोन-तीन महिने कोरे येताहेत. हा बघ. वाया गेलेला नाहीये. चांगला नवा पुठ्ठा आहे, तो मुद्दाम आपल्यासाठी कापलाय. आणि कापून झाल्यावर कडा घासल्यात, दोरा कातरू नये म्हणून." ताईने तो तुकडा माझ्या मांडीवर ठेवला, जणू मीच परीक्षक. "एवढे हजार-बाराशे झाले असतील. एकही बाजू केसभर कमीजास्त नाही. मी मोजते प्रत्येक. चूक शोधत होते. सापडली नाही."

"आई—"

"माणूस नीट आहे," ताई म्हणाली. "घुम्या असा कधी कडा घासून देणारा नव्हता. चांगला होता, पण त्याच्या लक्षातच यायचं नाही." मग तिने विचारलं, "बोलतो का?"

"कोण?"

"हा. कागदवाला. बोलतो का तुझ्याशी?"

सुनेने मान हलवली. हो म्हणून. डोळ्यांतून पाणी नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं आणि हातात शिवण असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. मी माझ्या बाहीने पुसलं.

"बरंय," ताई म्हणाली. "कधी जायचंय?"

"महिनाअखेरीला. पण आई, मी अजून काही—"

"टाका जवळ घे."

एवढंच. तिने नवा तुकडा घेतला, कापड दुमडलं आणि टाचायला लागली. मला वाटलं, झालं, सुटलो. आणि त्याच वेळी माझ्या उजव्या बाजूला बसलेल्या पोरीचा सगळा जीव निघून चाललाय हे मला दंडाला दंड लागून कळत होतं. दोन वर्षं तिने सासूच्या अडून बसण्याशी झुंज दिली होती. त्या म्हातारीने असं पुढ्यात दार उघडून ठेवल्यावर आता कुणाशी झुंजायचं?

शिपाई बाहेर आला. या वेळी आमचं नाव.

आत मॅडम होत्या. साहेब बदलून गेले होते. मॅडम तरुण, सर्दीने बेजार, एका हातात रुमाल. टेबलावर आमची फाईल, दोन वर्षांत चांगलंच बाळसं धरलेली. वकील आधीच येऊन उभे होते, घामेजलेले. तीन खुर्च्या होत्या. आम्ही पुन्हा त्याच क्रमाने बसलो, मी मध्ये. डब्या मांडीवर, झाकणं बंद.

मॅडमनी चौकशीचा अहवाल चाळला. "त्या फोनचा उलगडा झालेला दिसतोय," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी आईंनी थोडी शंका काढली होती. तेवढं आज स्पष्ट करून घेऊ, म्हणजे मी सही करीन. आधी पत्नी. तुम्हाला गेल्या नऊ वर्षांत पतीकडून काही खबर? पत्र, फोन, कुणाकरवी निरोप?"

"नाही," सून म्हणाली.

"ते हयात असतील असं मानायला काही कारण?"

इथेही 'नाही' म्हणायचं होतं. वकील तर ओठ हलवून दाखवत होते. सून टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. मग तिने माझ्या पलीकडे ताईकडे बघितलं. ताई समोर बघत होती, दोन्ही हात डबीवर. गेली काही वर्षं तिची बोटं सुजतात. अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटाला घालायची टोपी, बसत नाही म्हणून मधल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळते. ती पट्टी सुटून लोंबत होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मॅडम," सून म्हणाली, "मला अजून एक तारीख मिळेल का?"

"म्हणजे?"

"पुढची. लांबची चालेल. मला आत्ता... घरी आईंना बरं नसतं. त्या एकट्या असतात. आत्ताच काही लिहू नका. कदाचित, म्हणजे, कुणी सांगावं, एखादे वेळी—"

वकिलांनी डोळे मिटले. मॅडमनी रुमाल नाकाला लावला आणि सुनेकडे असं बघितलं की अर्ज कुणी केलाय हेच त्या फाईलमध्ये पुन्हा तपासावं की काय. "बाई, अर्जदार तुम्ही आहात."

"हो."

"तुम्हीच मागे घेताय?"

"मागे नाही. पुढे. पुढे ढकला फक्त."

मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला आणि तिला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि मध्ये बसून मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. मॅडमनी उसासा टाकला. पेनाचं टोपण काढलं, फाईलच्या वरच्या कागदावर तारीख घालायला हात टेकवला.

"तिला विचारू नका," ताई म्हणाली.

मॅडमचा हात थांबला.

"ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी बोलतेय. मला विचारा."

"आई, राहू द्या," सून म्हणाली.

"तू गप्प बस. नऊ वर्षं माझं ऐकलंस, अजून एक मिनिट ऐक." ताईने खुर्ची पुढे ओढली. पाय फरशीवर घासले त्याचा आवाज खोलीभर झाला. "त्या फोनचं विचारा मला, मॅडम."

"विचारते. ते फोन तुमच्या मुलाचे होते असं अजूनही वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"पण मागच्या वेळी तुम्ही—"

"मागच्या वेळी मी खोटं बोलले. त्याच्या आधीही बोलले. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेत. पलीकडे माणूस असलं की कळतं. बोलत नसलं तरी कळतं. खोली असते त्याच्यामागे. कपडे हलतात. कुणी रडत असलं तर श्वास आधी अडकतो. घुम्याचा तर मला पाळण्यातला श्वास ठाऊक आहे." तिचा आवाज कुठेही फाटला नाही, ऑपरेटरचा आवाज, सपाट, प्रत्येक शब्द सुटा. "त्या फोनमध्ये कुणी नव्हतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. तरी मी रोज दुपारी फोनपाशी बसायचे आणि बोलायचे. जेवलास का, विचारायचे."

सुनेने माझा हात एवढ्या जोरात धरला होता की नखं रुतली.

मॅडमनी रुमाल खाली ठेवला. "आई, मग काय लिहू मी?" त्यांनी हळू विचारलं. "तुमच्याच शब्दांत सांगा."

ताईने एकदा सुनेकडे बघितलं, नीट, डोळ्यांत. मग मॅडमकडे वळली.

"लिहा," ती म्हणाली. "माझा मुलगा मेलाय."